फक्त खात्री करून घेतली

पासवर्ड विसरणाऱ्या माणसांवर माझं पोट चालतं. पवईतल्या एका मोठ्या ऑफिसात मी हेल्पडेस्कला आहे. म्हणजे दिवसभर फोन वाजतो, पलीकडून कोणीतरी रडवेल्या आवाजात म्हणतं, "मॅडम, लॉगिन होत नाहीये," आणि मी म्हणते, "कॅप्स लॉक चालू आहे का बघा." निम्म्यांचा चालू असतो. उरलेल्यांचा पासवर्ड मी नव्याने लावून देते. एवढ्या वर्षांत माणसाच्या बुद्धीविषयी माझं जे मत झालंय, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आमच्याकडे ठरावीक महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती आहे. हा नियम ज्याने काढला त्याला माणसं माहीत नव्हती. लोक काय करतात, मुलाचं नाव लिहितात, पुढे ॲट, पुढे एक-दोन-तीन. बदलायची वेळ आली की एक-दोन-तीन-चार. एक साहेब तर लांबून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडतात, "अगं, माझा आपला नेहमीचाच ठेव ना!" आपला नेहमीचाच! तो नेहमीचा पासवर्ड पँट्रीत चहा देणाऱ्यालाही पाठ आहे. आणि हीच माणसं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता मला विचारतात, "ते पासवर्ड मॅनेजर सेफ असतात का गं? आपले सगळे पासवर्ड त्या कंपनीला कळत असतील ना?" अरे, तुझ्या पासवर्डात त्या कंपनीने बघावं असं आहे तरी काय?

मी तुसडी आहे असं घरचे म्हणतात. बरोबर म्हणतात. गोड बोलायला मला पगार मिळतो, तो संध्याकाळी सहाला संपतो. त्यानंतर पवईहून घाटकोपरला घरी येईपर्यंत माझ्यातला सगळा गोडवा आटलेला असतो, आणि घरात शिरल्या शिरल्या बाबा हातात मोबाईल घेऊन उभे असतात. "जरा बघ गं, हे काय मागतंय."

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका इमारतीत सिक्युरिटीला लागले, तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारावर पहारा दिला, आणि स्वतःच्या प्रत्येक खात्याला पासवर्ड एकच, गावच्या देवाचं नाव. ते नाव आमच्या दारावरच्या पाटीवर आहे, कपाटावरच्या स्टिकरवर आहे, बाबांच्या मोबाईलवरच्या फोटोखालीसुद्धा आहे. मी म्हटलं, बाबा, चोराला अजून काय पाहिजे, चहा? तर म्हणतात, "देवाचं नाव आहे. त्याला कोण हात लावतो?" पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका जागी सांभाळणारं ॲप, घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळं एकाच पेटीत ठेवायचं, आणि ती पेटीच कोणी फोडली तर?" प्रश्न काही अगदीच वेडगळ नव्हता. पेटी फुटणारच नाही अशी हमी मी कोणाला देत नाही, फुटल्याच्या बातम्या मीही वाचते. पण चांगल्या मॅनेजरमध्ये आत ठेवलेलं ती कंपनीसुद्धा वाचू शकत नाही, ते उघडतं फक्त आपल्याला माहीत असलेल्या एका लांबलचक वाक्याने. वाक्य नीट निवडलं, वर मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीची दुसरी खात्री लावली, की निदान शंभर ठिकाणी देवाला कामाला लावण्यापेक्षा ते बरं. हे मी बाबांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं असेल, पण मला झेपणार नाही," आणि टीव्ही लावला.

घरात माझं ऐकलं ते फक्त धाकट्या बहिणीने. ती मुलुंडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझ्यापेक्षा बरीच लहान, आणि स्वभावाने माझ्या अगदी उलट. तिला माणसं आवडतात! तिने मॅनेजर घेतला, एक वाक्य ठरवलं, ते मलाही सांगितलं नाही. मी मुद्दाम विचारून पाहिलं तर म्हणाली, "ताई, तूच म्हणालीस ना, कोणाला सांगायचं नाही?" त्या दिवशी मी तिला कुल्फी खाऊ घातली.

तिचं एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कॉलेजात असताना तिला फिट यायच्या. दोनदा वर्गात, सगळ्यांसमोर आली. मग औषध लागू पडलं आणि फिट थांबल्या त्या आजतागायत. रोज एक गोळी, आणि वर्षातून एकदा स्टेशनजवळच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं, एवढंच उरलं. पण आमच्या घरात तो शब्द उच्चारायचा नाही असा आईचा दंडक. नातेवाइकांना तिने सांगून ठेवलं होतं, "पोरीक अशक्तपणा आसा." आई मालवणकडची. एरवी आमच्याशी मुंबईचं बोलते, पण घाबरली की गावचं बाहेर येतं.

तर अशा बहिणीच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली, आणि आईने बायोडाटा तयार केला. माझं असलं काही आता कोणी काढत नाही, मी चाळिशीला टेकलेय आणि जिभेने बदनाम आहे. पण बहिणीच्या बायोडाटावर आई आठवडाभर बसली होती. वर गणपती, कडेने वेलबुट्टी. मग पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मगाव, रास, नक्षत्र, रक्तगट, शाळा, कॉलेज, नोकरी, वडिलांचं मूळ गाव, आईचं माहेरचं आडनाव, मामांचं गाव, कुलदैवत, पत्ता, तिचा मोबाईल नंबर. मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. म्हटलं, आई, बँकवाले फोनवर ओळख पटवायला जे जे विचारतात, ते सगळं तू वेलबुट्टी काढून छापलंयस. आई म्हणाली, "मग लोकांनी मुलगी बघायची कशी? रास नको, मामकुळ नको, मग काय नुसता फोटो पाठवू?" आणि तो कागद आमच्या समाजाच्या वधू-वरांच्या तीन ग्रुपवर गेला. तिथून आणखी कुठे कुठे गेला ते त्या गणपतीलाच ठाऊक. जगातल्या चोरांना बिचाऱ्यांना रात्रंदिवस खपावं लागतं. आमच्या लोकांची माहिती चोरावी लागत नाही, आम्ही ती शुभेच्छांसकट फॉरवर्ड करतो.

दोन-तीन स्थळं अशीच आली आणि गेली. मग बोरिवलीचं हे स्थळ आलं. मुलगा आणि त्याची आई, वडील नव्हते. मूळ रत्नागिरीकडची माणसं. मुलगा अंधेरीच्या एका कंपनीत होता, आणि त्याचं काम ऐकून माझे कान टवकारले. तो कंपनीतल्या लोकांना सायबर सुरक्षेचे धडे द्यायचा. कुठल्या लिंकवर टिचकी मारू नये, पासवर्ड कसा असावा, असलं प्रशिक्षण. बाबा म्हणाले, "तुझ्याच लायनीतला आहे." मी म्हटलं, बघू.

आले तेव्हा आईने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. मुलगा दिसायला बरा होता, खरं सांगायचं तर चांगलाच होता. हसायचा छान. बहिणीच्या शाळेतल्या गमती त्याने मन लावून ऐकल्या, मध्ये तोंड घातलं नाही. एवढ्यावर बहिणीचा चेहरा फुलला, ते मला कोपऱ्यातूनही दिसलं. मग बाबांनी उगाच काहीतरी विषय काढायचा म्हणून त्याला विचारलं, "काय हो, ते पासवर्ड मॅनेजरवर विश्वास ठेवावा का? ही आमची मोठी फार मागे लागते."

झालं. साहेबांनी आंबोळी खाली ठेवली आणि नाकाने कांदे सोलायला घेतले. ब्राउझरमध्ये पासवर्ड कसा ठेवू नये, एकच पासवर्ड दोन ठिकाणी लावणं हा कसा गुन्हा आहे, माणसाने स्वतःच्या बायकोलासुद्धा मॅनेजर उघडणारा मास्टर पासवर्ड का सांगू नये. बोटांवर मोजत मोजत मुद्दे सांगत होता. "काका, चांगल्या मॅनेजरची खुबी काय आहे, सांगू का? तुमची माहिती त्याच्याच जवळ असते, पण तो ती बघत नाही. बघूच शकत नाही. विश्वास विश्वास म्हणतात तो हाच." बाबा तोंडाचा आ करून ऐकत होते. मी तीनदा समजावलं तेव्हा टीव्ही लावला होता! तोच माल पुरुषाच्या तोंडून आला की लगेच पटतो. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही हेल्पडेस्कला ना? म्हणजे रिसेट वगैरे करता." ते 'वगैरे' माझ्या डोक्यात गेलं ते आजपर्यंत उतरलेलं नाही.

ते गेल्यावर मी बहिणीला सांगून टाकलं. "दीडशहाणा आहे." ती म्हणाली, "तुला सगळेच दीडशहाणे वाटतात." खरंच आहे, वाटतातच.

पुढच्या रविवारी ती दोघं पवईच्या तलावावर भेटली. जाताना बहिणीने आईला सांगितलं की आज मी त्याला फिटचं सांगणार आहे. आईचं धाबं दणाणलं. "खुळी झालंस काय गो? हाताक इलेला घालवतलंस! लग्न झाल्यावर सांग सावकाश." बहीण म्हणाली, "आई, लग्न झाल्यावर सांगितलं तर त्याला फसवणूक म्हणतात." आवाज न चढवता म्हणाली. मला इतका अभिमान वाटला की विचारू नका. आई मात्र देवापुढे जाऊन बसली.

संध्याकाळी बहीण परत आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. तिने सगळं सांगितलं होतं. कॉलेजातलं, गोळीचं नाव, कुठे रक्त तपासते, डॉक्टर काय म्हणतात, मूल व्हायला अडचण नाही हेसुद्धा. आणि तो म्हणाला होता, "त्यात काय एवढं? बरं झालं सांगितलंस." मग दोघांनी तिथे कणीस खाल्लं. "ताई, इतकी वर्षं मी हे कोणाला बोलले नव्हते गं. पहिल्यांदाच बोलले," ती म्हणाली, आणि मला मिठी मारली. मी म्हटलं, ठीक आहे, दीडशहाणा असेल पण माणूस बरा दिसतोय. एवढी कबुली मी सहसा देत नाही.

त्यानंतर साखरपुड्याची तारीख ठरवायला तो आणि त्याची आई पुन्हा आमच्याकडे आले. सगळं हसतखेळत चाललं होतं. बाबा पंचांग घेऊन बसले होते, आई किती माणसं येतील त्याचा अंदाज करत होती. त्याची आई मायाळू बाई. बहिणीला तिने जवळ बसवून घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लग्नानंतर रोज सकाळचं कोवळं ऊन घ्यायचं हं. आमच्या गॅलरीत छान ऊन येतं. अगदीच कमी आलंय ना तुझं व्हिटॅमिन डी."

आमच्या आईला वाटलं, सगळ्याच मुलींबद्दल बोलतायत. तिने लगेच री ओढली, "हो ना, आजकालच्या पोरींना ऊन म्हणजे नकोच." पण बहिणीचा चेहरा बदलला. गोळी घेणाऱ्यांचं व्हिटॅमिन डी कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी या वर्षी तीही तपासणी करायला लावली होती. व्हिटॅमिन कमी आलंय हे तिला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं आणि मला. आईबाबांनाही तिने सांगितलं नव्हतं, उगाच काळजी नको म्हणून.

"काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?" बहिणीने विचारलं.

"अगं, रिपोर्टमध्ये होतं ना," काकू म्हणाल्या, आणि मुलाकडे बघून त्यांची जीभ अडखळली.

मला वाटलं, आता हा चपापेल. कसला चपापतोय! किंचित हसला, "आई पण ना!" म्हणाला, आणि मग बहिणीला म्हणाला, "अगं, काही नाही. मी फक्त खात्री करून घेतली."

"कशी?" हे मी विचारलं.

आणि त्याने सांगितलं! शपथेवर सांगते, त्या माणसाच्या अंगात प्रशिक्षक शिरला. "ताई, खरी चूक त्या लॅबची आहे. साईटवर मोबाईल नंबर आणि जन्मतारीख टाकली की रिपोर्टची यादीच समोर येते. ओटीपी वगैरे काही भानगड नाही. पीडीएफला पासवर्ड आहे, पण तो काय, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. सगळं बायोडाटात होतं. दोन मिनिटं लागली. इतका ढिसाळ कारभार! मी तर पुढच्या सेशनमध्ये हेच उदाहरण घेणार आहे. नाव न घेता, अर्थात."

अर्थात! नाव न घेण्याचा केवढा तो मोठेपणा! माझ्या बहिणीचं रक्त ह्या माणसाने स्वतःच्या आईबरोबर बसून वाचलं होतं, आणि आता तो ते अंधेरीच्या कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर लावणार होता. बायकोलासुद्धा मास्टर पासवर्ड सांगू नये म्हणणारा हाच. चांगला मॅनेजर बघूच शकत नाही म्हणून गहिवरणाराही हाच.

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "नाही, चौकशी तर सगळेच करतात." स्थळ हातचं जाईल म्हणून बाबा असं बोलले, हे कळत होतं. तरी त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. चौकशी म्हणजे शेजाऱ्यांना विचारणं, ऑफिसात विचारणं. हे कुलूप उघडून आत शिरणं होतं, मग कुलूप का भंगारातलं असेना.

बहीण त्याच्याकडे बघत होती. "मी तुला सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो ना! आणि सगळं तंतोतंत जुळलं. मी आईला म्हटलंसुद्धा, मुलगी शंभर टक्के प्रामाणिक आहे. विचार आईला." त्याला खरंच वाटत होतं की तो तिचं कौतुक करतोय.

"मागितले असतेस तर मी स्वतः दिले असते रिपोर्ट."

"मागून घेतले तर ती खात्री कशी होणार?" तो म्हणाला. वर्गात एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याला समजावतात तसं, समजूतदारपणे.

मला राहवलं नाही. त्याचा फोन टीपॉयवर होता. मी म्हटलं, "बरं, मग आम्हीही खात्री करून घेतो. उघडा तो फोन. मेसेज बघू, फोटो बघू, डॉक्टरांचे कागद असतील तर तेही बघू." त्याचा हात फोनवर गेला, इतका चटकन की त्यालाही कळलं नसेल. "ताई, त्यात ऑफिसचं गोपनीय असतं," तो म्हणाला. मी पुढे बोलणार होते. अशा प्रसंगी बोलायला मी आयुष्यभर जीभ परजून ठेवलीय. पण बहिणीने माझ्या मनगटाला धरलं.

"ताई, नको. मला नाही बघायचं त्याचं काही."

मग त्याला म्हणाली, "मी पुढे तुला काही सांगितलं, की आज डोकं दुखतंय, की शाळेत उशीर झाला, तर ते खरं आहे का हे तू कुठे बघशील?"

तो हसला. त्याला तो प्रश्न वाटलाच नाही. "अगं, एकदा खात्री झाली ना. आता कशाला बघेन?"

"मग माझ्याकडून नाही जमणार," ती म्हणाली. हात जोडून काकूंना नमस्कार केला. "काकू, चहा घेऊन जा." आणि आत निघून गेली.

पुढची दहा मिनिटं आमच्या घरात जे झालं ते सांगायला मजा येईल, पण त्या तमाशाची लायकी मजेपुरतीच. काकू ओशाळल्या होत्या, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं. मुलगा मात्र बाबांना समजावत होता की काका, मी लपवलं नाही, विचारल्यावर लगेच सांगितलं, म्हणजे प्रामाणिक कोण? लिफ्टपाशी पोचेपर्यंत समजावत होता. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा कुठे तो आवाज थांबला.

आईने सगळं माझ्यावर काढलं. "तुझ्या जिभेपायी गेला चांगला स्थळ!" मी कपबशा उचलायला लागले. मग आई बहिणीजवळ गेली, "एवढासाच ना त्याने बघितल्यान, वाईट काय केल्यान? त्याका सगळा चालत होता. असा दुसरो कोण गावतलो गो तुका?" बहीण भिंतीला टेकून बसली होती, तिने आईचा हात हातात घेतला, एवढंच. त्यात आईला उत्तर मिळालं असावं, कारण ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

पुढे महिनाभरात समाजाच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. मुलीला फिट येतात, घरच्यांनी लपवलं होतं, मुलाकडच्यांनी शोधून काढलं. लपवलं होतं! जिने तोंडाने सांगितलं तिने लपवलं, आणि ज्याने चोरून बघितलं तो हुशार ठरला. एका मावशीने तर फोन करून आईला आयुर्वेदिक काढा सांगितला. मी आईच्या हातातून फोन घेतला आणि मावशीला तो काढा कोणाला पाजायचा ते सांगितलं. आता ती मावशी आमच्याशी बोलत नाही, हा यातला एकमेव फायदा.

मी लॅबमध्येही गेले. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, माझ्या बहिणीच्या रिपोर्टचा पासवर्ड बदलायचाय. ती म्हणाली, "मॅडम, तो बदलत नाही. सगळ्यांना सारखाच असतो, पेशंटला लक्षात राहायला सोपा." मी म्हटलं, सगळ्यांना सारखा असेल तर त्याला पासवर्ड का म्हणता? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मठ्ठ आहे. "मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये कोणाला इंटरेस्ट असणार?" मागच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "अहो, लवकर करा, आम्ही उपाशीपोटी आलोय." तिथे हात टेकले. ईमेलवर तक्रार केली, त्याचं उत्तर आलं की आपली सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च आहे. डोंबलाची सर्वोच्च.

बहीण मात्र शांत होती. शाळेत जात होती, गोळी घेत होती, गॅलरीत उन्हात बसून मुलांची चित्रं तपासत होती. मला वाटलं, सुटली बिचारी. रोज संध्याकाळी मी त्या माणसाचा एक नवीन उद्धार करायचे, नक्कल करून दाखवायचे, "ताई, तुम्ही रिसेट वगैरे करता ना?" बाबासुद्धा हसायला लागले होते. सगळ्यांना हसवलं की तिचं दुखणं जाईल असा माझा हिशेब होता.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात सोलकढीसाठी नारळ खवत होतो. मी नेहमीसारखी सुरू झाले. तिने खवणी बाजूला ठेवली.

"ताई, बस कर गं."

"का? दया येते की काय त्याची?"

"मला तो आवडला होता," ती म्हणाली. "अजून आवडतो. सकाळी उठल्यावर आधी वाटतं की त्याचा मेसेज आला असेल. आणि तू रोज दाखवतेस की तो किती फालतू आहे. मग मला वाटतं, मी इतक्या फालतू माणसाला सगळं सांगून बसले."

मी हातातली नारळाची वाटी खाली ठेवली.

"आता कोणी विचारलं, तर मला वाटतं मी पण म्हणेन, अशक्तपणा आहे."

ती रडायला लागली. एवढ्या सगळ्या प्रकारात ती पहिल्यांदा रडत होती, आणि आवाज बाहेर बाबांना जाऊ नये म्हणून तिने नारळाने माखलेलं मनगट तोंडावर दाबून धरलं होतं. मी तिच्याजवळ सरकले. त्याच्यासाठी, लॅबसाठी, समाजासाठी, सगळ्यांसाठी माझ्याकडे शब्द होते. तिला द्यायला एकही सापडला नाही.